तहज्जुदमध्ये आपल्या भाषेत मागण्याबद्दल: तुम्हाला मिळालेले उत्तर अर्धेच आहे

तुम्ही लिहिले आहे की पतीची नोकरी गेल्यापासून तुम्ही रात्री तहज्जुदला (झोपेतून उठून पढायच्या ऐच्छिक नमाजेला) उठता, सजद्यात (कपाळ जमिनीला टेकवलेले असताना) मन भरून येते, पण ‘नमाजेत मराठीतून दुआ चालत नाही’ असे मदरशात शिकवणाऱ्या एका बाईंनी सांगितल्यामुळे काहीही न मागता सलाम फेरता (नमाज संपवता) आणि मुसल्ला (नमाजेची चटई) गुंडाळून उठता. हे वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना, कारण नेमक्या याच जागी मी फार काळ अडकून पडले होते. मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही आणि मुफ्ती (फतवा देणारी) तर नाहीच. पुढे जे लिहीत आहे ते आपल्या मजहबाच्या (हनफी, शाफई अशा धर्मशास्त्रीय परंपरेच्या) जाणकार आलिमाकडून तपासून घ्यावे. तहज्जुद किती रकात पढावी, नियत कशी करावी, हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे शाफई. सासर सोलापूरचे, हनफी. अम्मीच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन डायलिसिस सुरू झाले, तेव्हा मी रात्री उठू लागले. सजद्यात ‘सुब्हान रब्बियल आला’ म्हणताना पुढचे शब्द मराठीतच ओठांवर येत आणि नमाज मोडेल की काय या धास्तीने मी ते गिळून टाकी. शंका मिटावी म्हणून एका मोठ्या दीनी इदाऱ्याच्या (धार्मिक संस्थेच्या) फतवा विभागाकडे लेखी प्रश्न पाठवला. त्याचे नाव घेत नाही. बदनामी हा माझा हेतू नाही. बऱ्याच प्रतीक्षेनंतर एका ओळीचे उत्तर आले: नमाजेत दुआ अरबीतच करावी, इतर भाषेत केल्यास नमाज फासिद होईल (मोडेल). खाली शिक्का. माझा मजहब कोणता, प्रश्न फर्ज (बंधनकारक) नमाजेचा आहे की नफ्ल (ऐच्छिक), सजद्यातील दुआबद्दल विचारते आहे की सलामनंतरच्या, यांपैकी एकही गोष्ट कोणी विचारली नव्हती. फोन करून खुलासा मागितला तेव्हा ‘नवीन अर्ज करा’ एवढेच सांगण्यात आले.

त्या ओळीतला मसला (धार्मिक नियम) चुकीचा होता, असे माझे म्हणणे नाही. राग आहे तो त्यात न लिहिलेल्या दुसऱ्या ओळीबद्दल. सलाम फेरल्यानंतर त्याच मुसल्ल्यावर बसून, हात उचलून, मराठीत, कोकणीत, दखनीत, ज्या भाषेत रडू येते त्या भाषेत हवे ते मागता येते, याबद्दल कोणत्याही मजहबात वाद नाही. एवढे एक वाक्य लिहायला शाई किती लागली असती? मी मात्र ‘दुआ अरबीतच’ हेच धरून बसले आणि अम्मीच्या आजारपणातल्या कितीतरी रात्री न मागताच उठून गेले. पुढे माहेरच्या मोहल्ल्यातील एका वयस्क उस्तादबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘सलाम फेरल्यावर तुला कोणी अडवलंय का गो?’’ अम्मी तोवर राहिली नव्हती. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते की आज रात्रीपासूनच सलामनंतर बसा, उठण्याची घाई करू नका.

आता नमाजेच्या आतला भाग, कारण ‘बंदा आपल्या रबच्या सर्वांत जवळ सजद्यात असतो, तेव्हा खूप दुआ करा’ ही सहीह मुस्लिम या संग्रहातील हदीस (पैगंबरांचे वचन) वाचल्यावर सजदा रिकामा सोडवत नाही. शाफई किताबांनुसार स्वतः रचलेली दुआ अरबीखेरीज दुसऱ्या भाषेत नमाजेच्या आत केली तर नमाज बातिल (रद्द) होते. अरबीत मात्र दुनियेच्या गरजाही मागता येतात. हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) नमाजेत गैर-अरबी दुआ मकरूह-ए-तहरीमी (हरामच्या जवळची) सांगितली आहे, आणि जे माणसांकडेही मागता येते अशा गोष्टी नमाजेच्या आत माणसांशी बोलावे तशा शब्दांत मागण्याची मनाई आहे, मग भाषा कोणतीही असो. अरबी न येणाऱ्याला सजद्यात आपल्या भाषेत मागता येते, असे सौदीतील काही उलमा सांगतात, आणि इंटरनेटवर तेच मत अधिक दिसते. माझे स्पष्ट मत असे की इकडचे थोडे, तिकडचे थोडे असे करू नये. ज्या मजहबावर तुमची बाकीची नमाज उभी आहे, त्यावरच याही बाबतीत राहावे. नाहीतर नमाज झाली की नाही या वसवशातच (मनातल्या शंकेतच) रात्र जाते.

यावर उपाय असा की कुरआन व हदीसमधील मोजक्या दुआ अर्थासह पाठ कराव्यात. जाडजूड दुआसंग्रह आणून रोज नवीन दुआ वाचण्याच्या मी विरोधात आहे, कारण अर्थ न कळता झरझर म्हटलेल्या दहा दुआंपेक्षा अर्थ मुरलेली एक दुआ सजद्यात जास्त उपयोगी पडते. तुमच्या परिस्थितीसाठी मी सूरह कसस, आयत २४ सुचवीन: ‘रब्बि इन्नी लिमा अन्जल्त इलय्य मिन खैरिन फकीर’, म्हणजे हे माझ्या रब, तू जे काही भले माझ्याकडे पाठवशील त्याचा मी गरजवंत आहे. हे हजरत मूसांचे शब्द आहेत. मिस्रमधून (इजिप्तमधून) जीव वाचवून ते मदयनला पोहोचले होते. ना घर, ना काम, ना ओळखीचे कोणी. विहिरीवर थांबलेल्या दोन मुलींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले, सावलीला जाऊन बसले आणि एवढेच बोलले. त्यांनी काय हवे याची यादी दिली नाही, आणि त्याच प्रसंगातून त्यांना आसरा, काम आणि घरसंसार मिळाला. ही दुआ म्हणताना पतीची नोकरी, घरभाडे, मुलांची फी हे सगळे मनात आणा. जीभ अरबी शब्दांवर आणि मन आपल्या गरजेवर असले तर नमाजेला धक्का लागत नाही, हे मी दोन्ही मजहबांच्या आलिमांना विचारून घेतले आहे.

एक बारकावा लक्षात ठेवावा. रुकू (कमरेतून वाकलेली स्थिती) आणि सजद्यात कुरआनची तिलावत (पठण) करण्यास मनाई आहे, म्हणून कुरआनी दुआ तिथे तिलावतीच्या नव्हे, दुआच्या नियतीने म्हणायची, आणि आधी सजद्याची तस्बीह (‘सुब्हान रब्बियल आला’) पूर्ण करायची. कर्जाचीही चिंता असेल, तर हजरत अलींनी एका कर्जबाजारी माणसाला शिकवलेली, तिरमिजी या हदीससंग्रहात आलेली दुआ पाठ करा: ‘अल्लाहुम्मक्फिनी बिहलालिक अन हरामिक व अग्निनी बिफज्लिक अम्मन सिवाक’. तुझ्या हलालने मला हरामपासून वाचव आणि तुझ्या कृपेने मला तुझ्याशिवाय सर्वांपासून बेगरज कर, असा तिचा आशय आहे. इथे देवनागरीत लिहिले आहे ते केवळ दुआ ओळखू यावी म्हणून. देवनागरीत दोन वेगळे ‘ह’ आणि तीन वेगळे ‘स’ दाखवता येत नाहीत, त्यामुळे उच्चार कोणाकडून तरी ऐकूनच घ्या.

अरबी येत नाही याची लाज मात्र बाळगू नका. अबू दाऊद या हदीससंग्रहात एका माणसाची हदीस आहे. तू नमाजेत काय म्हणतोस, असे रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्याला विचारले. तो म्हणाला की तशह्हुद (नमाजेच्या बैठकीत म्हणायचे ठरलेले शब्द) पढतो, जन्नत मागतो, जहन्नमपासून पनाह मागतो. आपल्यासारखी आणि मुआजसारखी (मुआज हे पैगंबरांचे एक साथीदार) गुणगुण मला जमत नाही. त्यावर त्याला उत्तर मिळाले की आमची गुणगुणही त्याच्याच भोवती असते. तो तर अरबच होता, तरीही त्याचे मागणे इतके थोडके होते.

सलामनंतरच्या दुआतही एक क्रम आहे. आधी अल्लाहची हम्द (स्तुती), मग दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), मग आपले मागणे. हा क्रम सोडणाऱ्याबद्दल ‘याने घाई केली’ असे म्हटल्याची हदीस आहे. मी गरजा मराठीत वहीत लिहून ठेवते, कारण झोपेच्या गुंगीत निम्म्या गोष्टी विसरतात. डोळे मिटू लागले तर सरळ झोपा. पेंगत नमाज पढणारा माफी मागायला जाऊन स्वतःलाच शाप देऊन बसेल, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे. वेळेचे म्हणाल, तर तहज्जुदसाठी रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा उत्तम मानतात; तो काढण्यासाठी मगरिबपासून (सूर्यास्तापासून) फजरपर्यंतच्या (पहाटेपर्यंतच्या) रात्रीचे तीन भाग करा. मगरिब ६:१५ला आणि फजर ५:४५ला असेल तर शेवटचा तिसरा हिस्सा १:५५ला सुरू होतो, त्यामुळे फजरच्या अर्धा तास आधी उठलात तरी तुम्ही त्यातच असता. हैजच्या (मासिक पाळीच्या) दिवसांत नमाज नसते, पण दुआ बंद नसते. त्या रात्रीही उठून मराठीत मागता येते. हेसुद्धा मला कोणी आपणहून सांगितले नव्हते.

त्या मदरशातील बाईंवर रागावू नका. त्यांनी ऐकलेले तेवढे सांगितले असावे. पण पुन्हा कोणाला विचाराल तेव्हा प्रश्नातच सगळे लिहा: मी हनफी आहे किंवा शाफई आहे, नमाज नफ्ल आहे, सजद्यातील दुआबद्दल एक प्रश्न आणि सलामनंतरच्या दुआबद्दल दुसरा, अरबी मला येत नाही, आणि जे चालत नाही त्याच्या जागी काय करावे तेही सांगावे. शेवटचा मुद्दा गाळू नका, आणि त्याचे उत्तर आले नाही तर दुसऱ्या आलिमाकडे जा.