नायट्रेट ९३ की २१? मिलिग्रॅम, मिलिमोल आणि मोल प्रति घनमीटर

यावल तालुक्यातील तुमच्या केळीच्या मळ्यातल्या विहिरीचे पाणी दोन ठिकाणी तपासले असता एका अहवालात नायट्रेट ९३ मिलिग्रॅम प्रति लिटर, तर दुसऱ्यात नायट्रेट-नायट्रोजन २१ मिलिग्रॅम प्रति लिटर आले. प्रकल्पासाठी हीच संहती, म्हणजे पाण्यातले प्रमाण, मोल (कणांची ठराविक संख्या मोजणारे एकक; त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिमोल) प्रति घनमीटर या एककात मांडताना तुमचे उत्तर १५०० आले. शिवाय पाण्याचे एकूण काठिण्य, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा, ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर असताना कॅल्शियम ८० आणि मॅग्नेशियम ४८.६ यांची बेरीज १२८.६ इतकीच का भरते, असेही तुम्ही विचारले आहे. प्रयोगशाळांनी घोळ घातला असावा, ही तुमची शंका मात्र खरी नाही. दोन्ही अहवाल एकमेकांशी तंतोतंत जुळतात.

ग्रॅममधला आकडा समोर आला की तो कोणाचा ग्रॅम आहे, हे आधी विचारावे. पहिल्या अहवालाने अख्खा नायट्रेट आयन तोलला आहे. त्याच्या एका मोलचे वस्तुमान नायट्रोजनचे १४ आणि तीन ऑक्सिजनचे ४८ मिळून ६२ ग्रॅम होते, म्हणून ९३ भागिले ६२ म्हणजे १.५ मिलिमोल प्रति लिटर. दुसऱ्या अहवालाने त्याच आयनातला फक्त नायट्रोजन मोजला आहे, म्हणून २१ भागिले १४, म्हणजे पुन्हा १.५ मिलिमोल. एका आयनात नायट्रोजनचा एकच अणू असल्यामुळे मोलमध्ये आल्यावर दोन्ही आकडे एक होतात. हा फरक केवळ कागदावरचा नाही. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि ती अख्ख्या नायट्रेटसाठी आहे. दुसऱ्या अहवालातले २१ या ४५ शी ताडून पाहणारा माणूस पाणी चांगले आहे असे समजून निर्धास्त होईल. प्रत्यक्षात मर्यादा ०.७३ मिलिमोलच्या आसपास आणि तुमचे पाणी १.५ मिलिमोल, म्हणजे दुपटीहून अधिक. घरात तान्हे बाळ असेल तर हे पाणी त्याला देऊ नका, आणि उकळूनही देऊ नका, कारण उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याची संहती वाढते.

आता घनमीटर. एका घनमीटरात १००० लिटर मावतात, म्हणून तुम्ही हजाराने गुणले, ते योग्यच झाले. पण गुणाकारानंतर आलेले १५०० हे मिलिमोल आहेत, मोल नाहीत. मिलिमोलचे मोल करताना हजाराने भागावे लागते, ते राहून गेले. दोन्ही हजार एकमेकांना छेदतात आणि उत्तर १.५ मोल प्रति घनमीटर येते. मिलिमोल प्रति लिटर आणि मोल प्रति घनमीटर यांचा आकडा नेहमीच सारखा असतो, हे लक्षात राहिले की निम्मी आकडेमोड वाचते. मोल प्रति लिटरवरून घनमीटरकडे जाताना मात्र हजाराने गुणावेच लागते.

काठिण्याचा प्रश्न अधिक रंजक आहे. तिथे सगळे काही कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात सांगण्याची पद्धत आहे, मग पाण्यात ते त्या रूपात असो वा नसो. कॅल्शियम ८० भागिले ४० म्हणजे २ मिलिमोल, मॅग्नेशियम ४८.६ भागिले २४.३ म्हणजेही २ मिलिमोल. एकूण ४ मिलिमोल. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका मोलचे वस्तुमान १०० ग्रॅम, म्हणून ४ गुणिले १०० म्हणजे बरोबर ४००. दोन वेगवेगळ्या धातूंचे मिलिग्रॅम सरळ मिळवल्यास त्या बेरजेला काठिण्याच्या दृष्टीने अर्थ उरत नाही. काठिण्य मोजण्यासाठी ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारे रसायन) ब्युरेट या मापनळीतून थेंबथेंब सोडतात; या टायट्रेशनमध्ये एरिओक्रोम ब्लॅक-टी या दर्शक रंगद्रव्याचा रंग लालसर जांभळ्यावरून निळा होतो, तोवर एक ईडीटीए एका आयनाला धरतो, मग तो आयन कॅल्शियमचा असो की मॅग्नेशियमचा. ब्युरेट मोल मोजते, वजन नव्हे.

एक सावधगिरी राहिली. विहिरीच्या पाण्यात मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीपीएम (वजनाने दहा लाखात एक भाग) यांना एकच मानले जाते, कारण अशा विरल द्रावणाचा एक लिटर जवळपास एक किलो भरतो. हीच सवय तीव्र आम्लाच्या बाटलीला लावू नये. ३७ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची घनता १.१८ ग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, म्हणून एका लिटरचे वजन ११८० ग्रॅम आणि त्यात आम्ल सुमारे ४३७ ग्रॅम. ते ३६.४६ ने भागले की जवळपास १२ मोल प्रति लिटर मिळतात. घनता विसरून ३७० ग्रॅम धरले, तर १०.१ येतात. शिवाय बाटली उघडझाप करताना वायू उडून जातो, तेव्हा ०.१ मोलर (मोल प्रति लिटर) द्रावण केल्यावर ते निर्जल सोडियम कार्बोनेटने प्रमाणित करून, म्हणजे त्याची खरी संहती तपासून, जो आकडा निघेल तोच जर्नलमध्ये लिहावा.