नोटीस पिरियड पूर्ण करा, बाकीचं नंतर बघू

तुमची पोस्ट वाचली आणि माझं २०१८ साल डोळ्यांसमोर आलं. तुमची गोव्यात वेर्ण्याची नोकरी, कुंडईच्या स्पर्धक कंपनीची ऑफर, जुन्या करारात 'सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही' आणि वर एचआरचं 'कोर्टात खेचू'. माझंही सेम, मी पॅकेजिंगमध्ये क्यूसीला (माल तपासणीला) होतो एवढाच फरक.

करार कायद्याचं कलम २७, म्हणजे धंदा-नोकरी करण्यावर बंदी घालणारा करार रद्द, हे तुम्हाला ठाऊक आहे असं दिसतंय, त्यामुळे ते जास्त सांगत नाही. करार संपल्यानंतरची बंदी आपल्याकडे टिकत नाही, क्रिकेटपटू झहीर खानच्या केसमध्ये २००६ ला सुप्रीम कोर्टाने तेच म्हटलं. आणि गोव्यात पोर्तुगीज कायदा म्हणून काही वेगळं असेल का असं विचारलंय, तर नाही, तो लग्न, वारसा असल्या घरच्या गोष्टींना, नोकरीच्या कराराला १८७२ चाच करार कायदा.

पण मी ह्याच कलमाच्या भरवशावर फसलो. नोटीस ९० दिवसांची होती. जुलैत राजीनामा मेल केला, तीन आठवडे काम केलं आणि बंदी तशीही रद्दच आहे म्हणून सरळ नव्या ठिकाणी जॉइन झालो. रिलीव्हिंग लेटर नाही, राजीनामा स्वीकारल्याचा साधा मेलसुद्धा नाही. गणेश चवथीच्या आठवडाभर आधी वकिलाची नोटीस आली, त्यात दोन वर्षांच्या बंदीवर फारसा जोरच नव्हता, मुद्दा एकच की तुम्ही अजून आमचे कर्मचारी आहात आणि नोकरीत असताना स्पर्धकाकडे काम करताय. ही बंदी कलम २७ मध्ये उडत नाही हो! १९६७ ची गोलिकरी केस वाचा, कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला माणूस पाच वर्षांचा करार मध्येच सोडून दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेला आणि उरलेल्या मुदतीपुरता मनाईहुकूम सुप्रीम कोर्टापर्यंत कायम राहिला. कोर्ट तुम्हाला जुन्या कंपनीत कामाला जुंपणार नाही पण तिकडे जाण्यापासून अडवू शकतं, हा फरक मला कुणी आधी सांगितला असता तर.

नव्या कंपनीने नोटीस बघताच मला घरी बसवलं. चार महिने पगार नाही, घराचा हप्ता चालू, आई रोज विचारायची आज पण सुट्टी काय रे. शेवटी उरलेल्या नोटीसचे पैसे भरून तडजोड केली.

मध्ये मदत मिळेल म्हणून एका सरकारी ऑफिसात पाच खेपा घातल्या. प्रत्येक वेळी 'फाल्यां यो' (उद्या ये), झेरॉक्स आणा, साहेब मीटिंगमध्ये आहेत, आणि पाचव्या दिवशी सांगतात तुम्ही सुपरवायझर, कायद्यातल्या 'कामगार' व्याख्येत बसत नाही, इथे तुमचं काही होणार नाही. अहो हे पहिल्या दिवशी माझं डेझिग्नेशन वाचून सांगता आलं असतं ना! अजून आठवलं तरी संताप होतो. तिथे वेळ घालवू नका, थेट नोकरीच्या केसेस करणारा वकील गाठा.

त्याला कॅव्हेटचं विचारा. म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय कोर्ट एकतर्फी ऑर्डर देत नाही, ९० दिवस चालतं. करारात मुंबईचं कोर्ट लिहिलं असेल तर तिथेही टाकावं लागेल. ऑफिसचा लॅपटॉप परत करताना पोच घ्या, आणि रेट लिस्ट, फॉर्म्युला, काहीही स्वतःच्या जीमेलला पाठवू नका, गोपनीयतेचा भंग ही वेगळीच केस होते आणि तिथे कलम २७ कामाला येत नाही. पीएफमध्ये कंपनीने एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) टाकली नाही तर शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन टाकता येते, त्यासाठी त्यांच्या मागे धावू नका.

मी वकील नाही, तुमचा करारही बघितलेला नाही, त्यामुळे ह्यातलं काहीही करण्याआधी विचारून घ्या. पण नोटीसचे दिवस भरा किंवा पैसे भरून मोकळं होता येतं असं करारात लिहिलं असेल तर भरा आणि लेखी सुटका हातात घ्या, ह्यावर मी ठाम आहे. राजीनामा दिलाय की अजून नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिला नसेल तर कुंडईवाल्यांकडे आजच जॉइनिंगची तारीख पुढे मागून घ्या, खरंच हवे असाल तर तीन महिने थांबतात.