मुलगी म्हणते, पक्ष्यांसाठीच काम करणार

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर रविवारी दुर्बीण घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जाते, आणि आता म्हणते की पक्षी वाचवणं आणि शाळेतल्या पोरांना निसर्ग शिकवणं हेच करणार, बँकेच्या परीक्षा देणार नाही. यात पोट भरतं का हो? तिचे बाबा तर तिच्याशी बोलतच नाहीयेत. – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी पैशाचं बोलते, कारण तुमची काळजी खरी आहे. सुरुवातीला बहुतेक प्रोजेक्टवरच्या नोकऱ्या मिळतात, वर्ष-दोन वर्षांच्या, प्रोजेक्ट संपला की परत शोधाशोध, त्यामुळे पहिली काही वर्षं घरचा आधार लागतो. म्हणून एमएस्सी नक्की करू दे. डेहराडूनची वन्यजीव संस्था आहे, प्रवेश अवघड आहे पण प्रयत्न करावा, पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाची संस्था आहे, आणि मुंबईची बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पक्षिशास्त्राचे कोर्स घेते.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. आसामच्या पूर्णिमा देवी बर्मन यांच्याबद्दल तिला वाचायला सांगा. त्या हरगिला पक्ष्यावर पीएचडी करत होत्या, हा करकोच्याच्या जातीचा मोठा पक्षी, सडकं मांस खातो, घरट्याखाली घाण वास येतो, म्हणून गावाला नकोसा, अपशकुनी. २००७ मध्ये एका माणसाने परसातलं झाड घरट्यांतल्या पिल्लांसकट पाडलं, या जाब विचारायला गेल्या तर गावकऱ्यांनी त्यांचीच टर उडवली. त्यांनी पीएचडी बाजूला ठेवली आणि गावातल्या बायकांना जाऊन भेटल्या. भाषणं देत बसल्या नाहीत हो, बायकांबरोबर स्वयंपाकाच्या स्पर्धा घेतल्या, हरगिलाचं चक्क डोहाळजेवण केलं, मेखला-चादर या तिथल्या बायकांच्या पोशाखावर आणि गमछ्यावर तो पक्षी विणायला लावला, त्यातून बायकांच्या हातात पैसे आले. आज बायकांच्या त्या गटात, म्हणजे हरगिला आर्मीत, दहा हजारांहून जास्त बायका आहेत, आणि दादरा, पचरिया, सिंगीमारी या गावांतली घरटी २८ वरून अडीचशेच्या वर गेली. पीएचडी त्यांनी नंतर पूर्ण केलीच.

मला वाटतं पक्षी ओळखता येणं हे यातलं सोपं काम, झाडाच्या मालकाशी बोलता येणं अवघड. तुमच्या नान्नजलाच बघा ना, १९७९ पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, पण जमिनीवरच्या निर्बंधांमुळे शेतकरी वर्षानुवर्षं नाराज राहिले, आणि माळढोक आता तिथे दिसणं मुश्कील. मुलीला विचारा, त्या माळाला लागून ज्यांची शेतं आहेत त्यातल्या किती जणांच्या घरी ती चहा प्यायलीये.

५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या वाढदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. जवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना विचारून त्या आठवड्यात तिने पोरांना सकाळी तळ्यावर न्यावं. आणि बाबांना म्हणावं, एकदा बरोबर या. लांब उभे राहिले तरी चालेल, पोरं तिला काय काय विचारतात ते त्यांना ऐकू येईल.