हृदयविकाराच्या झटक्यानंतर वडील गप्प झाले आहेत. हे वयामुळे की नैराश्य?

झटक्यातून सावरल्यानंतरही वडील जेवत नाहीत, फिरायला जात नाहीत, हे केवळ वयाचे लक्षण मानू नये. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण 5 पैकी 1 रुग्णाला नैराश्य येते, आणि ते अंगावर काढल्यास गोळ्या चुकतात, चालणे बंद पडते व हृदयाचा धोका आणखी वाढतो. वृद्ध माणसे बहुधा ‘मन लागत नाही’ असे म्हणतच नाहीत. ती ‘अंगात त्राण नाही’, ‘पहाटे 3 वाजताच जाग येते’, ‘तोंडाला चव नाही’ असे सांगतात, आणि घरचे लोक, तेही प्रेमापोटीच, त्यांना टॉनिक आणून देतात. गोळ्यांच्या डबीतले मंगळवारचे, बुधवारचे कप्पे भरलेलेच राहिले असतील, तर तेवढी एक खूणही गांभीर्याने घ्यावी. थायरॉईड, जीवनसत्त्व बी-12, हिमोग्लोबिन व सोडियम यांच्या तपासण्या अवश्य करून घ्याव्यात, कारण त्यांच्या कमतरतेचे रूप नैराश्यासारखेच दिसते. नैराश्याची औषधे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरू करावीत. काहींमुळे वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटते. ‘जगून काय करू’ असे ते बोलले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.