फॉक्स पेटंटाची चौकट

प्रश्न : जुन्या बार्शी लाईट रेल्वेच्या भंगारातून आलेला एक पोलादी तुकडा आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरी आहे. त्यावर ‘लीड्स फोर्ज’ आणि ‘फॉक्स पेटंट’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत. ही कंपनी कोणती, आणि तिचा इतिहास कसा शोधावा?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : सॅमसन फॉक्स यांनी १८७४ मध्ये इंग्लंडमधील लीड्स शहरात ही कंपनी स्थापन केली. प्रथम तिचे नाव झाले ते बॉयलरच्या नालीदार अग्निनळीमुळे, म्हणजे ज्या नळीत आग पेटते तिचा पत्रा पन्हळी केल्यामुळे. १८७७ च्या या पेटंटामुळे नळीचा पत्रा फार जाड न करताही ती अधिक दाब सोसू लागली, आणि जहाजांच्या बॉयलरांना त्याचा मोठा उपयोग झाला. आपल्याकडील तुकडा मात्र फॉक्स यांच्या दुसऱ्या कामाशी संबंधित दिसतो. त्या काळी वाघिणीची किंवा बोगीची (डब्याखालील चाकांच्या गाड्याची) चौकट सपाट पट्ट्या आणि काटकोनी पट्ट्या रिवेटांनी जोडून तयार करीत असत. फॉक्स यांनी तापवलेला पोलादी पत्रा हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून त्याच्या कडा त्याच पत्र्यातून वळवून घेतल्या. आपल्या तुकड्याची कड नीट पाहावी. जोड किंवा रिवेट नसता पत्रा सलग गोलाईने वळला असेल, तर तो या पद्धतीचाच आहे.

अशी चौकट हलकी आणि तरीही मजबूत असे, आणि बार्शीशी तिचा संबंध जुळतो तो नेमका येथे. इंग्रज अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर प्रत्येक आसावरील भार पाच टनांपर्यंतच ठेवला होता. अशा मार्गावर वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी, तितका अधिक माल भरता येतो. माझ्या मते लीड्सचे पोलाद सोलापूर जिल्ह्यात कसे पोचले, याचे सर्वांत समाधानकारक उत्तर हेच आहे.

शोध घेताना एक पथ्य पाळावे. चौकटीवरील नाव हे चौकट करणाऱ्याचे असते, आणि संपूर्ण वाघीणही त्यानेच बांधली असे त्यावरून ठरत नाही. शिवाय फॉक्स यांच्या पेटंटावर अमेरिकेत जोलिएट येथेही कारखाना चालत होता व तो १८९९ मध्ये प्रेस्ड स्टील कार कंपनीत सामील झाला. म्हणून नुसते ‘फॉक्स पेटंट’ पुरेसे नाही, ‘लीड्स’ हा शब्द महत्त्वाचा.

कंपनीपेक्षा फॉक्स यांचाच माग काढणे सोपे जाईल. ते हॅरोगेटचे महापौर होते, आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या इमारतीसाठी त्यांनी ४५,००० पौंड दिले होते. त्यामुळे १९०३ मध्ये निधन झालेल्या या कारखानदाराची नोंद स्थानिक इतिहासातही सापडते. लीड्स फोर्ज १९२३ मध्ये कॅमल लेअर्ड या ब्रिटिश कंपनीकडे गेली, आणि १९२९ मध्ये त्यांचा रेल्वेचा व्यवसाय मेट्रोपॉलिटन-कॅमलमध्ये विलीन झाला. म्हणून १९२३ नंतरची कागदपत्रे या दोन नावांखाली पाहावीत. बार्शी लाईट रेल्वेसाठी ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर पाहावे.

अक्षरे उजळण्यासाठी सँडपेपर मात्र मुळीच लावू नये. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा घ्यावा, आणि पेटंटाचा क्रमांक किंवा वर्ष उमटले तर त्यावरून मूळ पेटंटाचा मजकूर मागवता येईल.