गावी आईवडिलांच्या खोलीसाठी कोणता रूम हीटर सुरक्षित: ऑइलवाला की ब्लोअरवाला?

निफाडची थंडी, आईवडील सत्तरीचे, घर जुनं, खोली दहा बाय बाराची, एवढं तुम्ही लिहिलंत. खोलीत पॉवर पॉइंट, म्हणजे जाड पिनेचा 16 अँपिअरचा सॉकेट, आहे का, ते नाही लिहिलं. आमच्याकडे सगळं रामायण त्यावरूनच झालं.

माझं सासर तुमच्याच तालुक्यातलं, पिंपळगाव बसवंत. सासऱ्यांना थंडी सोसत नाही, म्हणून मुंबईचे मोठे दीर 2500 वॅटचा, अकरा फिनचा ऑइलवाला हीटर घेऊन आले. वस्तू चांगली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी एवढंच म्हटलं, "भावजी, आधी वायरमनला बोलावू, वेगळी लाइन ओढून घेऊ." तर सगळ्यांसमोर मला ऐकवलं, "अगं, यात उघडी कॉइल नाही, तेल सीलबंद आहे. याच्याइतका सेफ हीटर नाही!" जाड पिन साध्या बोर्डात जाईना. मग कन्व्हर्टर पिन आणली, टीव्हीच्या एक्स्टेन्शनला जोडली आणि वायर पलंगाखालून नेली.

2500 वॅट म्हणजे जवळजवळ 11 अँपिअर. साधा सॉकेट 6 अँपिअरचा. हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल.

आठवडाही झाला नसेल, रात्री सासूबाईंनी हाक मारली, "काहीतरी करपतंय गं." मेन बंद करून पिन उपसायला गेले तर निघेना. एक्स्टेन्शनचं पांढरं प्लास्टिक वितळून पितळेला चिकटलेलं, भोकांभोवती बिस्किटाच्या रंगाचा डाग. हीटर मात्र ठणठणीत. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पडला नव्हता आणि पडणारही नव्हता. तो त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त करंट गेला की पडतो; ढिल्या जोडात पिन तापतेय, हे त्याला कळायचा मार्गच नाही. भावजींचं निदान काय, तर "पीस डिफेक्टिव्ह निघाला." तोच पीस आज वेगळ्या लाइनवर, 4 चौरस मिमी तांब्याच्या वायरवर आणि 16 अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. दर हिवाळ्यात.

आता तुमचा प्रश्न. झोपायच्या खोलीत ऑइलवालाच घ्या. तापायला अर्धा तास लावतो, पण आवाज नाही आणि बंद केल्यावरही बराच वेळ ऊब राहते. ब्लोअर अंघोळीनंतर दहा मिनिटं लावायला ठीक, रात्रभर त्याची घरघर कोण ऐकणार? लाल दांड्यांचा हॅलोजन म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत नकोच. पदर नाहीतर गोधडी कधी त्यावर जाईल सांगता येत नाही. आयएसआय मार्क, थर्मोस्टॅट आणि कलंडला तर आपोआप बंद होण्याची सोय, यातलं एक जरी नसलं तरी दुकानातून परत या. तुमच्या खोलीला 1500 वॅट पुरतील, दारं-खिडक्या बंद होत असतील तर. "आमचा कमी विजेत जास्त ऊब देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. 1500 वॅट तासभर पूर्ण चालला की दीड युनिट, कंपनी कुठलीही असो.

आणखी एक, "हीटर ऑक्सिजन खातो" म्हणून शेजारीपाजारी कोळशाची शेगडी सुचवतील. ऑक्सिजन खाते ती शेगडी, आणि वर बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड सोडते. विजेचा हीटर ऑक्सिजन खात नाही, हवा कोरडी करतो एवढंच.

मी काही इलेक्ट्रिशियन नाही. घराचं वायरिंग अलीकडेच नवं झालं असेल आणि 16 अँपिअरचा पॉइंट असेल, तर वरचं निम्मं सोडून द्या. नसेल तर वायरमनची मजुरी हीटरच्या किमतीतच धरा आणि त्याच्याकडून अर्थिंगही तपासून घ्या. हीटर अर्धा तास चालला की पिनेच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. मग घरातला कुठलाही भावजी काहीही म्हणो. आमच्याकडचे अजून डिफेक्टिव्ह पीसवरच अडून आहेत.