स्पोर्ट्स कार घेताना कंपनीचा लॅप टायमर घ्यावा का?

नुसती लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ मोजायची असेल, तर नका घेऊ.

उदाहरणार्थ, पोर्शचं स्पोर्ट क्रोनो पॅकेज बघा. डॅशबोर्डवरचं ते घड्याळ दिसतं झकास, पण लोक पैसे मोजतात ते खरं तर गाडी आणखी चपळ करणाऱ्या स्पोर्ट प्लस मोडसाठी आणि पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबरोबर मिणाऱ्या, जागेवरून गाडी झटक्यात सोडणाऱ्या लाँच कंट्रोलसाठी. गाडी विकतानाही गिऱ्हाईक हे पॅकेज आहे का, असं हमखास विचारतं. त्या हिशेबाने ते घ्यावं. घड्याळ फुकट आलं समजायचं.

वेळ मोजण्याचं गणित वेगळं आहे. ताशी 180 किमी वेगाने गाडी सेकंदाला 50 मीटर जाते. फोनचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा नोंदवतं, म्हणजे दोन नोंदींत 50 मीटरची फट! 25 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 25 नोंदी करणाऱ्या, वेगळ्या जीपीएस लॉगरमध्ये ती 2 मीटरवर येते, शिवाय पुढच्या गाडीतही तोच चालतो. बटण दाबून सुरू-बंद करायचं स्टॉपवॉच असेल तर विसराच, ऐन वेगात बोट कुठे ठेवणार?

शेव्हरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचा परफॉर्मन्स डेटा रेकॉर्डर मात्र मी घेईन. तो ड्राइव्हचा व्हिडिओ घेतो आणि त्यावरच वेग, गिअर, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर किती दाबला ते) उमटतं. ब्रेक कुठे लवकर मारला ते घरी बसून दिसतं.